ओट्सची खळ होऊ नये म्हणून: कण्या, दलिया, आंबील आणि ओट्सचा रोजचा नाश्ता

पहिल्यांदा ओट्स केले तेव्हा माझ्या धाकट्याने वाटीत चमचा उभा करून पाहिला. चमचा पडला नाही. "बाबा, ही खळ आहे," तो म्हणाला. संक्रांतीचे दिवस होते, आदल्याच संध्याकाळी आम्ही पतंगांना चिंध्या चिकटवायला मैद्याची खळ शिजवली होती, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. चूक ओट्सची नव्हती. उकळत्या दुधात मी चार वाट्या ओट्स ओतले, गॅस मोठा ठेवला आणि डबे भरायला गेलो.

बायकोची ड्यूटी सकाळची झाली तेव्हापासून आमच्या घरचा नाश्ता माझ्याकडे आहे. माणसं पाच: आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. पोहे-उपम्याशी माझं काही भांडण नाही. पण रोज कांदा चिरायचा, रोज फोडणी, आणि साडेदहाला मुलं पुन्हा भुकेली. म्हणून आता आठवड्यातले चार दिवस पातळ शिजवलेलं काहीतरी असतं. कधी ओट्स, कधी कण्या (भरडलेली ज्वारी), कधी दलिया (भरडलेला गहू), उन्हाळ्यात आंबील (आंबवलेलं पीठ शिजवून ताकात केलेली). ज्यांनी यातलं काहीच केलेलं नाही, त्यांनी कुठून सुरुवात करावी ते इथे सांगतो.

आधी पुडीवर काय लिहिलंय ते वाचा

दुकानात ओट्सच्या नावाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी मिळतात आणि नवखा माणूस तिथेच फसतो.

ओटचा दाणा टरफल काढल्यावर तांदळासारखा लांबट दिसतो. या दाण्यात तेलाचा अंश गहू-तांदळापेक्षा बराच जास्त असतो. बाजरीचं पीठ जसं आठ-दहा दिवसांत कडवट होतं, तसा हाही खवट होऊ शकतो. म्हणून कारखान्यात तो आधी वाफवतात. वाफवून रुळांखाली चपटा केला की झाले रोल्ड ओट्स. म्हणजे हे पोह्यांचेच भाऊबंद, अर्धे शिजूनच घरी येतात. त्यांनाच आणखी बारीक तोडून, पातळ चपटे केले की क्विक किंवा इन्स्टंट ओट्स. ते दोन-तीन मिनिटांत शिजतात, पण पिठूळ होतात आणि साखरही रक्तात लवकर चढवतात. दाणा चपटा न करता नुसता दोन-तीन तुकड्यांत कापला तर ते स्टील कट ओट्स. यांना पंचवीस-तीस मिनिटं लागतात. चव यांची सगळ्यात चांगली, किंमतही सगळ्यात चढी.

एकदा हौसेने स्टील कटचा डबा आणला आणि निवडायला म्हणून ताटात ओतला. आई बार्शीकडची. तिने चिमूटभर तळहातावर घेतलं, चाळवलं आणि म्हणाली, "ह्या तर कण्याच की रं! कितीला आणल्या?" किंमत ऐकून तिने ताट माझ्याकडे सरकवलं आणि पुढचे दोन दिवस त्या विषयावर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ज्वारीच्या कण्या कशा करायच्या ते शिकवलं. ते पुढे येईलच.

तिचं म्हणणं खरंच होतं. भरडलेलं धान्य पाण्यात मऊ शिजवायचं, ही कल्पना आपल्याकडे कुणी पुडीतून आणलेली नाही. श्रीकृष्णाने विदुराघरी आवडीने खाल्ल्या त्या कण्याच, असं आपण कीर्तनात ऐकत आलो. सोलापूरकडे ज्वारीच्या कण्या आहेत, सिंधुदुर्गात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज आहे, विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबील लागते. ओटसुद्धा इथल्या मातीला अगदी अनोळखी नाही. गोठेवाल्यांना विचारा, रब्बीत चाऱ्यासाठी ओट पेरतात आणि 'केंट' ही त्यातली जुनी जात. माणसांसाठीची पुडी तेवढी नवी.

तर सुरुवातीला विकत काय घ्यायचं? साधे रोल्ड ओट्स, एक किलोची पिशवी. मागच्या बाजूला घटकांच्या यादीत एकच शब्द हवा: ओट्स. साखर, माल्ट, दुधाची पावडर, 'नैसर्गिक सुवास' असलं काही असेल तर परत ठेवा. मसाला ओट्सच्या छोट्या पुड्या प्रवासात ठीक, रोजच्यासाठी नाहीत. एक तर त्यात मीठ फार. पुडीवर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पुडीच्या मिठात आपल्या लोणच्या-पापडाचं मीठ अजून धरलेलंच नाही.

स्वस्त म्हणजे किती

हे आमच्या वाण्याकडचे भाव. तुमच्याकडे दहा-वीस रुपये इकडेतिकडे होतील. साधे ओट्स किलोला १८०च्या आसपास, दलिया ६०, ज्वारी ५०, नाचणी ६०. मसाला ओट्सची चाळीस ग्रॅमची पुडी २० रुपयांना, म्हणजे किलोला ५०० रुपये! मिठाला आणि वाळक्या गाजराला आपण एवढे पैसे मोजतो.

आमच्या पाच जणांना (मुलांची अर्धी-अर्धी वाटी धरून) १८० ग्रॅम ओट्स लागतात, ३२ रुपयांचे. अर्धा लिटर दूध ३० रुपयांचं. दोन केळी, थोडा गूळ, मूठभर दाणे. सगळे मिळून ऐंशीच्या आत, माणशी सोळा रुपये. ज्वारीच्या कण्या केल्या तर धान्याचे १० रुपये, ताक-फोडणीचे १५-२०, माणशी पाच-सहा रुपये. म्हणजे 'ओट्स स्वस्त' हे बिस्किटं, वडापाव आणि ब्रेड-बटरच्या तुलनेत खरं आहे. कण्यांच्या तुलनेत ओट्स महागच.

माझी मावसबहीण ग्लासगोला असते. तिचं गणित नेमकं उलटं. तिथल्या सुपरमार्केटात ओट्स ही सगळ्यात स्वस्त गोष्टींपैकी एक, आणि भारतीय दुकानातलं ज्वारीचं पीठ जपून वापरायचं. थंड, ओल्या हवेत गहू नीट येत नाही तिथे ओट येतो, म्हणून स्कॉटलंडचं ते रोजचं अन्न झालं. जिथे जे पिकतं ते तिथे स्वस्त. तुम्ही लातूरला असाल तर कण्यांपासून सुरुवात करा, लंडनला असाल तर ओट्सपासून.

अलीकडे नाचणी-ज्वारीच्याही चकचकीत पुड्या आल्या आहेत. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून तर जास्तच. आतली नाचणी तीच असते. वाण्याकडून सुटी आणा, निवडा, दळून घ्या.

वाटी ठरवून घ्या

घरातली एक वाटी कायमची मापाची ठरवा. आमची आमटीची वाटी आहे, तिच्यात रोल्ड ओट्स ४५ ग्रॅम बसतात. एकदा वजन करून बघितलं की पुन्हा काटा काढायची गरज नाही. मोठ्या माणसाला एक वाटी पुरते. 'एवढंच?' असं वाटेल, पण शिजल्यावर फुगतं.

रोल्ड ओट्सच्या एका वाटीला अडीच वाट्या पातळ: दीड वाटी पाणी, एक वाटी दूध. लापशीसारखं घट्ट आवडत असेल तर दोन, आईसारखं पिण्याजोगं हवं असेल तर तीन. दलियाला चौपट पाणी. ज्वारीच्या कण्यांना पाचपट. नाचणीचं पीठ सगळ्यात जास्त पाणी पितं: एक मोठा चमचा पीठ पेलाभर पाण्याला पुरतं. नवखे लोक इथे हमखास चुकतात, दोन-तीन चमचे टाकतात आणि मग उकड खावी लागते.

ओट्स: पातेल्यापाशी दहा मिनिटं

जाड बुडाचं पातेलं घ्या. अर्धा चमचा तूप घालून ओट्स मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता. रंग बदलायची वाट बघू नका. भाजल्या रव्यासारखा वास आला की पुरे. ही पायरी टाळली तरी चालतं, पण ज्यांना 'ओट्सला कसलातरी कागदासारखा वास येतो' अशी तक्रार असते, त्यांची तक्रार इथेच मिटते.

पातेलं खाली उतरवून मिनिटभर थांबा आणि मग गार पाणी घाला. गार, उकळतं नाही. गार पाण्यापासून हळूहळू तापवलं की ओट्समधला चिकट तंतू सावकाश पाण्यात उतरतो आणि सगळं एकजीव, सायीसारखं होतं. उकळत्यात टाकले की बाहेरून गिळगिळीत आणि आतून चरबरीत राहतात. चिमूटभर मीठ आत्ताच घाला, गोड करणार असलात तरी. स्कॉटलंडमध्ये कॅरब्रिज नावाच्या गावात १९९४पासून दरवर्षी पॉरिज, म्हणजे पातळ शिजवलेले ओट्स, करण्याची जागतिक स्पर्धा होते. तिच्या मुख्य गटात फक्त तीन गोष्टींना परवानगी असते: ओट, पाणी आणि मीठ. विजेत्याला 'गोल्डन स्पर्टल' मिळतो. स्पर्टल म्हणजे ढवळायची लाकडी दांडी. आपल्याकडे त्याला लाकडी चाटू चालेल, नाहीतर उलथन्याचा दांडा.

मंद आच, अधूनमधून ढवळणं, पाच मिनिटं. सारखं घोटू नका. घोटलं की दाणे मोडतात, आणि तिथून खळ फार लांब नाही. पाणी आटत आलं, बुडबुडे जड आवाजात फुटायला लागले (आमच्याकडे त्याला 'पातेलं बोलायला लागलं' म्हणतात) की गरम दूध घाला. दूध सुरुवातीपासून घातलं तर तळाला लागतं आणि करपल्याचा वास शेवटपर्यंत जात नाही. आणखी दोन मिनिटं, गॅस बंद, झाकण. मग तीन मिनिटं हात लावायचा नाही. या तीन मिनिटांत ते आणखी घट्ट होतं, म्हणून गॅस बंद करताना थोडं पातळ वाटलं पाहिजे. पातेल्यातच हवं तसं घट्ट झालं असेल तर ताटलीत येईपर्यंत त्याची वडी पडेल.

गूळ नेहमी शेवटी, पातेलं खाली उतरवून, थोडं निवल्यावर. उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटतं. गुळाच्या खिरीचा हा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण सकाळच्या घाईत विसरतो. मी दोनदा विसरलोय. मुलांना फाटलेलं कळतं. पिकलेलं केळं कुस्करून घातलं तर गूळ निम्मा लागतो. खारकेची पूड घातली तर बहुतेक लागतच नाही.

गोड नको म्हणणाऱ्यांसाठी

आईने गोड ओट्स कधीच खाल्ले नाहीत. "सकाळी सकाळी खीर काय खायची?" तिच्यासाठी उपमा करतो. त्यात फक्त एक गोष्ट सांभाळायची: पाणी दीडपटच. ओट्स कोरडे, चांगले पाच मिनिटं भाजून बाजूला ठेवा. तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता, मिरची, आलं, कांदा, मग गाजर-मटार. भाज्या शिजल्या की मीठ आणि उकळतं पाणी, त्यात भाजलेले ओट्स. दोन मिनिटांत पाणी शोषलं जातं. इथे मात्र गरम पाणीच हवं, कारण आपल्याला सायीसारखं नको, मोकळं हवंय. वर लिंबू पिळा. लिंबातलं क जीवनसत्त्व धान्यातलं लोह शरीरात शोषायला मदत करतं. उलट चहा ते अडवतो, म्हणून नाश्त्याबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलता आला तर बघा. आमच्याकडे ते जमलेलं नाही, पण निदान मुलं तरी दूधच पितात.

उन्हाळ्यात दहीभातासारखे दही-ओट्स होतात. रात्री ओट्स, दही आणि पाणी समान घेऊन कालवायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. बाहेर ओट्यावर नाही, एप्रिल-मेमध्ये रात्रीतून आंबून वर येतं. सकाळी मीठ, किसलेली काकडी, आणि वरून तुपाची हिंग-जिऱ्याची फोडणी. गॅसचं काम एक मिनिटाचं. हा प्रकार मी कुठून शिकलो नाही, शिळ्या भातावर जे करतो तेच ओट्सवर करून पाहिलं.

कण्या आणि दलिया: रात्रीचं काम, सकाळची शिट्टी

ज्वारीच्या कण्या विकत फारशा मिळत नाहीत. गिरणीत "भरड काढून द्या" म्हणून सांगा. मालदांडी जातीची ज्वारी मिळाली तर उत्तम, मंगळवेढ्याची असेल तर आई कौतुक करेल. घरी मिक्सरवर करायच्या तर ज्वारीला पाण्याचा हात लावून दहा मिनिटं फडक्यावर पसरा, मग मिक्सर झटक्या-झटक्याने फिरवा. एकदम फिरवला की पीठ होतं. रव्याच्या चाळणीतून चाळा: वर राहिल्या त्या कण्या, खाली पडलं ते पीठ आंबिलीला. काही वाया जात नाही.

रात्री कण्या दोनदा धुवून भिजत घाला. वर तरंगणारा कोंडा पाण्याबरोबर जाऊ द्या, तो घशाला टोचतो. सकाळी पाचपट पाणी, मीठ, कुकरच्या भांड्यात घालून पाच शिट्ट्या, त्यातल्या शेवटच्या दोन मंद आचेवर. वाफ आपोआप जाऊ द्या. उघडल्यावर चाटूने एकदा घोटा. ओट्स घोटायचे नाहीत, कण्या घोटायच्या. ज्वारीत तो चिकट तंतू नसतो, त्यामुळे घोटल्याशिवाय दाणा वेगळा आणि पाणी वेगळं राहतं. मग वाटीत ताक, लसणाचा ठेचा, कच्चा कांदा. मुलांना दूध-गूळ.

दलियाचं सोपं आहे, म्हणून अगदी नवख्याने खरं तर दलियापासून सुरुवात करावी. तुपावर तांबूस भाजायचा, चौपट पाणी, तीन शिट्ट्या, नंतर दूध आणि गूळ. त्यात मूठभर मूगडाळ घातली आणि फोडणी दिली की खिचडी. बिघडण्यासारखं काही नाही, फक्त बारीक दलिया आणि जाड दलिया यांना एकच वेळ देऊ नका.

आंबील: इथे घाई चालत नाही

हा माझा सगळ्यात आवडता नाश्ता आणि मार्च ते जून तोच.

रात्री चार मोठे चमचे नाचणीचं पीठ (किंवा कण्यांच्या चाळणीखालचं ज्वारीचं पीठ) काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात घ्या. थोडं थोडं पाणी घालत हाताने गुठळ्या मोडा आणि पातळ धिरड्याच्या पिठाइतकं सैल करा. वर फडकं बांधा. उन्हाळ्यात आठ तास पुरतात. थंडीत बारा-चौदा तास लागतात, तेव्हा संध्याकाळी पाचलाच भिजवायला हवं. सकाळी वर हलका फेस आणि आंबूस वास आला पाहिजे, डोशाच्या पिठासारखा. नाकाला झोंबेल असा कुबट वास आला किंवा वर रंगीत बुरशीचा ठिपका दिसला तर सरळ टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका.

तीन-चार पेले पाणी उकळत ठेवा. त्यात मीठ, खलबत्त्यात ठेचलेला लसूण-जिरं आणि एक हिरवी मिरची. पाणी उकळलं की एका हाताने भिजवलेलं पीठ तळापासून ढवळून बारीक धारेने सोडा, दुसऱ्या हाताने चाटू फिरवत रहा. हे दोन हातांचं काम आहे. फोन वाजला तर वाजू द्या. धार जाड झाली की लगेच गुठळ्या. झाल्याच तर रवीने घुसळा, तेही चालतं, आईला न दाखवता.

सुरुवातीला रंग मातकट आणि मेलेला दिसतो. सात-आठ मिनिटांत तो चॉकलेटी होतो, त्यावर चकाकी येते आणि कच्च्या पिठाचा वास जातो. या तिन्ही खुणा पटल्यावरच गॅस बंद. आता थांबायचं: कोमट होईपर्यंत. गरम आंबिलीत ताक ओतलं की चोथा-पाणी होतं. कोमट झाल्यावर दोन पेले घुसळलेलं ताक, कोथिंबीर. पेल्यातूनच प्यायची.

नाचणीचं कौतुक कॅल्शियमसाठी होतं आणि ते रास्त आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२०. पण आपण आंबिलीत माणशी दहा-पंधरा ग्रॅमच पीठ खातो, त्यामुळे नाचणी आली म्हणून दूध-ताक बंद करू नका. आंबवण्याचा फायदा चवीपुरता नाही. धान्यात फायटिक आम्ल असतं, ते लोह-कॅल्शियम धरून ठेवतं. भिजवून आंबवलं किंवा मोड आणले की ते कमी होतं. तान्ह्या मुलांसाठी मोड आणून नाचणीचं सत्त्व काढायची जुनी पद्धत याच कारणाने शहाणपणाची आहे.

ओट्सबद्दल खरं काय, फुगवलेलं काय

ओट्समधला तो चिकट तंतू म्हणजे बीटा-ग्लुकन. दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेलं, रोज गेलं, तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल थोडं कमी होतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९९७ साली पुड्यांवर तसा दावा छापायला परवानगी दिली. आमच्या एका वाटीत ते पावणेदोन ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे आठवड्यातून दोनदा वाटीभर ओट्स खाऊन कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुटत नाहीत. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडूही नका. प्रथिनं ओट्समध्ये शंभराला १२-१३ ग्रॅम, नाचणीत त्याच्या निम्म्याने. म्हणून कुठल्याही पातळ नाश्त्यात दूध, दही, दाणे किंवा बाजूला उकडलेलं अंडं हवंच. नुसतं धान्य आणि गूळ खाल्लं की दोन तासांत पुन्हा भूक.

काही जणांनी जपून राहायचं. गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन ज्यांच्या आतड्याला सोसत नाही (सिलिॲकसारखा आजार), त्यांना दलिया अजिबात नाही, तो गहूच. ओट्सही साधे चालत नाहीत, कारण शेतात आणि कारखान्यात त्यात गहू मिसळतो. ग्लूटेनमुक्त असं छापलेलेच घ्या, तेही डॉक्टरांना विचारून. ज्वारी आणि नाचणीत ग्लूटेन नसतं, पण गिरणीत आधी गहू दळला असेल तर तो येतोच. मधुमेह असेल तर इन्स्टंट ओट्स आणि गुळाची पातळ खीर दोन्ही टाळा. रोल्ड ओट्सचा भाजी घातलेला उपमा किंवा ताकातल्या कण्या त्यापेक्षा बऱ्या. मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व सहा महिन्यांनंतर बाळाला देतात. त्यात पहिलं वर्षभर मीठ, साखर, गूळ घालायची गरज नसते, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे-बदाम घालू नका, घशात अडकतात. कूट करा.

आणि घरात इतके दिवस मैदा-बिस्किटांवर चाललं असेल तर एकदम रोज वाटीभर सुरू करू नका. तंतू वाढला की पहिले आठ दिवस पोट गुरगुरतं. अर्ध्या वाटीपासून चढा, पाणी जास्त प्या.

रविवारी अर्धा तास

आठवडा सुरळीत जायचा असेल तर रविवारी डबा भरून ठेवायचा. अर्धा किलो ओट्स तूप न घालता कोरडे भाजून, गार करून, त्यात शंभर ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, पन्नास ग्रॅम भाजून भरडलेले जवस, शंभर ग्रॅम खारकेची पूड, वेलदोडा. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, वाफ आत राहिली की बुरशी. हवाबंद डब्यात दोन आठवडे टिकतं. पावसाळ्यात मात्र फ्रीजमध्येच, नाहीतर ओट्स सादळतात, कूट खवट होतो आणि सोंडे कुठून येतात ते कळत नाही. सकाळी या मिश्रणाची वाटी, अडीच वाट्या पातळ, बाकी वर सांगितलं तसं. थोरली आता हे स्वतः करते. दूध शेवटी घालायचं, एवढंच तिला एकदा सांगावं लागलं.

राहिलेले ओट्स दुपारी दगडासारखे होतात. फेकू नका. त्यात बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि थोडं पाणी घालून धिरडी घाला. गोड उरले असतील तर कणकेत मळून घ्या, दशम्या मऊ होतात.

शेवटचं काम भांड्याचं. नाश्ता वाढला की लगेच, बसायच्या आधी, पातेल्यात काठोकाठ गार पाणी भरून ठेवायचं. गरम पाण्याने ती चिकट साल आणखी घट्ट बसते. तासाभराने लाकडी चाटूने ढकललं की अख्खा पापुद्रा सुटून येतो. कण्यांच्या दिवशी मात्र पाणी घालायच्या आधी धाकट्याला विचारावं लागतं, कारण तळाची खरवड त्याची असते आणि ती कुणी भिजवली तर तो शाळेत जाईपर्यंत बोलत नाही.